घरांत आलेले नवे शब्द

आमच्या माजघरांत पंचांगाच्या खिळ्यासच दोऱ्यानें अडकविलेली एक शंभर पानी वही आहे. तिच्या पुठ्ठ्यावर आमच्या थोरल्या वहिनींच्या टपोऱ्या अक्षरांत 'शब्द' एवढेंच लिहिलेलें आहे. येणारे-जाणारे तिला वाण्याच्या उधारीची वही समजतात. त्यांचें अगदींच चुकतें असें नाहीं. कारण ही वही घरांत आली ती अठरा हजार रुपयांच्या एका बुडीत खात्यापायीं.

गोष्ट २०२२ सालच्या आषाढांतील. माळ्यावर पडून असलेला शिसवी पाळणा विकून टाकावा असें वहिनींच्या मनांत आलें. त्यांच्या नातवानें पाळण्याचें छायाचित्र काढलें आणि जुन्या वस्तूंच्या खरेदीविक्रीच्या एका ठिकाणीं फोनवरूनच जाहिरात लावून दिली. दुसऱ्या दिवशीं दुपारीं, घरांत दुसरें कोणी नसतांना, एका गृहस्थाचा फोन आला. बोलणें मोठें आर्जवी, आपण लष्करांत असल्याची ग्वाही, आणि किंमतींत घासाघीस मुळींच नाहीं! "काकू, पैसे आतांच पाठवतों. तुमच्या फोनवर रिक्वेस्ट येईल, तिच्यावर पिन टाकलात कीं रक्कम जमा झालीच समजा." वहिनींनीं पिन टाकला. जमा होण्याऐवजीं नऊ हजार रुपये खात्यांतून गेले. गृहस्थ हळहळले, चूक झाली म्हणाले, आणि सर्व रक्कम एकदम परत करतों म्हणून त्यांनीं दुसरी रिक्वेस्ट पाठविली. तिच्यावरहि वहिनींनीं पिन टाकला.

ते पैसे नातीच्या पहिल्या मंगळागौरीसाठीं त्यांनीं वर्षभर बाजूला काढलेले होते. श्रावण लागला तरी वहिनी खरेदीस निघेनात. आज गुडघा दुखतो, उद्यां पाऊस आहे, अशा सबबी चालल्या. अखेर सुनेनें बँकेचें पुस्तक उघडून पाहिलें तेव्हां सारा प्रकार बाहेर आला. घरांतील प्रत्येकानें आपापल्या परीनें उपदेश करून घेतला. वहिनी निमूटपणें ऐकत होत्या. सर्वांचें संपल्यावर त्या म्हणाल्या, "चोरानं नेले त्याचं मला एवढं वाटत नाहीं. पण रिक्वेस्ट म्हणजे काय, हें मी आधीं तिघांना विचारलं होतं. बाळ म्हणाला, अगं आजी, तें सगळं आपोआप होतं. सूनबाई म्हणाली, नंतर सांगतें. आणि भाऊजी, तुम्ही म्हणालात, तें मुलांना विचारा."

हें खरें होतें. आम्हीं तसें म्हटलें होतें. आणि तें म्हणण्याचें कारण एवढेंच कीं, आम्हांसहि त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. आयुष्याचीं पस्तीस वर्षें ज्यानें वर्गांत उभें राहून मुलांस शब्दार्थ सांगितले, त्यास आपल्या वडील भावजयीपुढें 'मला ठाऊक नाहीं' हे तीन शब्द उच्चारतां आले नाहींत. अठरा हजारांतील आमचा वाटा किती, हें वाचकांनींच ठरवावें.

एक गोष्ट मात्र येथें सांगितली पाहिजे. पूर्वीं असले शब्द न समजल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नसे. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें आपल्या देशांत सर्वसामान्यांकरितां इंटरनेट खुलें केलें. त्यानंतर कित्येक वर्षें संगणक हा घरांतील एका खोलींत, कापडी आच्छादनाखालीं राहणारा प्राणी होता. त्याचे माउस, विंडो, फोल्डर वगैरे शब्द त्याच्याच खोलींत राहत. स्वयंपाकघरांतील माणसास त्यांच्याशीं कर्तव्य नव्हतें. पण २०१६ सालीं नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें यूपीआय सुरू केलें, आणि पाहतां पाहतां भाजीवालीपासून देवळांतील गुरवापर्यंत सर्वांच्या व्यवहारांत तें शिरलें. शब्द खोलींतून उठले ते थेट वहिनींच्या बटव्यांत येऊन बसले. अज्ञान हें पूर्वीं फुकट होतें; आतां त्याचे पैसे पडतात.

म्हणून ही वही. तिचा नियम वहिनींनींच घातला. घरांत जो कोणी नवा शब्द वापरील त्यानें तो रात्रीं जेवणाच्या वेळीं समजावून सांगावयाचा; वहिनी 'कळलं' म्हणतील तेव्हांच तो वहींत चढावयाचा. इंग्रजी शब्दाचा इंग्रजी विस्तार सांगणें म्हणजे अर्थ सांगणें नव्हे. मराठी प्रतिशब्द सांगणें म्हणजेहि अर्थ सांगणें नव्हे. ह्या दुसऱ्या कलमावर आमचा व त्यांचा थोडा वाद झाला. आम्ही भाषाशुद्धीच्या संस्कारांत वाढलेले. शिवछत्रपतींनीं रघुनाथपंडितांकडून राज्यव्यवहारकोश करविला व फारसी शब्दांस संस्कृत पर्याय दिले, हें आम्हीं शेकडों मुलांस अभिमानानें शिकविलें आहे. आणि 'संगणक' हा शब्द मराठींत रुळला याचा आम्हांस आजहि आनंद वाटतो. 'भ्रमणध्वनी' मात्र सरकारी कागदांतच भ्रमण करीत राहिला. परंतु वहिनींनीं विचारलें, "समजा, त्या लबाडानं रिक्वेस्ट न म्हणतां विनंती म्हटलं असतं, तर माझे पैसे वांचले असते का?" ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

वहींतील पहिला शब्द अर्थातच 'पिन'. नातवानें दोन रात्रीं तो समजावण्याचा प्रयत्न केला. चार किंवा सहा आंकडे, गुप्त ठेवावयाचे, बँकेस ओळख पटविणारे, हें सर्व बरोबर होतें. परंतु पैसे घेतांना तो कां लागत नाहीं, हें त्यास नीट सांगतां येईना. तिसऱ्या रात्रीं वहिनीच म्हणाल्या, "म्हणजे देवळांतल्या दानपेटीसारखं! टाकणाऱ्याला किल्ली लागत नाहीं. काढणाऱ्याला लागते." आम्ही सर्वजण क्षणभर स्तब्ध झालों. यूपीआयचा पिन देतांना लागतो, खात्यांतील शिल्लक पाहतांना लागतो. पेटींत पडणाऱ्या पैशास तो कधींहि लागत नाहीं. 'पैसे घ्यावयाचे आहेत, किल्ली फिरवा' असें जो म्हणतो तो पेटी उघडावयास आला आहे, हें एकदां ध्यानांत आलें कीं पुढचें सर्व आपोआप उलगडतें. असल्या रिक्वेस्टची एक सोय, म्हणजे एका सामान्य माणसानें दुसऱ्याकडे यूपीआयवरून पैशाची मागणी धाडण्याची सोय, पुढें १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यांत आली. पण लबाडांच्या भात्यांत तेवढा एकच बाण नव्हता. आतां ते पैसे 'देण्यासाठीं' चौकोनी ठिपक्यांचें चित्र धाडतात व तें फोनला दाखवा म्हणतात.

तें चित्र म्हणजे क्यूआर कोड. जपानांतील डेन्सो वेव्ह ह्या कंपनींत १९९४ सालीं मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी म्हणून तो निर्माण झाला. त्याच्या तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन हे यंत्राच्या डोळ्यास कागद कसा धरला आहे तें सांगण्यासाठीं असतात, आणि थोडा भाग मळला-फाटला तरी उरलेल्यावरून मजकूर जुळवितां येईल अशी त्याची रचना असते. वाण्याच्या गल्ल्यावरील तेलकट चित्रहि कां चालतें, त्याचें हें कारण. दुकानांत तें चित्र म्हणजे वाण्याच्या पेटीवरील फट होय. फट दाखविणारा नेहमीं घेणारा असतो. तुम्हांस पैसे यावयाचे असतील तर तुमची फट त्यानें पाहावी. त्याची फट तुम्हीं पाहण्याचें कारण काय?

'ओटीपी'स आम्हीं कोऱ्या कागदावरील सहीची उपमा दिली व ती मंजूर झाली. क्षणभर टिकणारा परवलीचा शब्द, हा त्याचा अर्थ झाला. पण त्याचें काम सहीचें आहे. बँक तो आपल्या फोनवर धाडते आणि 'हें काम तुम्हींच सांगितलें ना?' असें विचारते. तो आंकडा फोनवरून दुसऱ्यास वाचून दाखविणें म्हणजे कागदावर काय लिहावयाचें तें त्याच्यावर सोंपवून खालीं आपण सही करून देणें. आमच्या वडिलांनीं सख्ख्या भावासहि कोऱ्या कागदावर कधीं सही दिली नाहीं, एवढें सांगतांच तो शब्द वहींत चढला.

खरा वेळ लागला तो 'लिंक' ह्या शब्दास. निळ्या अक्षरांवर बोट ठेवलें कीं दुसरें पान उघडतें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु अक्षरें एक सांगतात व वाट दुसरीकडे जाते, हें पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. दारावर पाटी कोणाचीहि लावतां येते. तेव्हां पाटी न वाचतां पत्ता वाचावा; आणि पत्ता वाचण्याची रीत मराठी माणसास सोपी जावी अशीच आहे. आपल्याकडे नांव आधीं, मग वडिलांचें नांव, आणि आडनांव शेवटीं. ह्या पत्त्यांतहि घराण्याचें नांव शेवटीं असतें. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीं जें शेवटचें पद असतें तेवढेंच खरें आडनांव. कोणा बँकेचें नांव पुढें घालून मागें 'डॉट बक्षीस डॉट कॉम' असें आलें, तर तें पान बँकेचें नव्हे, बक्षीस-घराण्याचें. बँकेचें नांव तेथें मुलाच्या पाळण्यांतल्या नांवासारखें आहे. तें काय, कोणीहि ठेवावें! रिझर्व्ह बँकेनें ह्याच कारणानें देशांतील बँकांस 'डॉट बँक डॉट इन' हें एकच आडनांव घेण्यास सांगितलें व त्यासाठीं ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घालून दिली. तें आडनांव भलत्या माणसास घेतां येत नाहीं. वहिनींनीं हें ऐकून समाधानानें मान डोलावली. सरकारनें बँकांस गोत्र दिलें, असें त्या म्हणाल्या.

आडनांवाचा हा धडा झाल्यावर थोड्याच दिवसांनीं घरांत एक लग्नपत्रिका आली. म्हणजे फोनवर आली. धाडणाराचा क्रमांक ओळखीचा नव्हता, पण लग्नसराईंत आपणांस कोण कोण बोलावतो तें तरी कोठें ठाऊक असतें? नांवाच्या शेवटीं 'डॉट एपीके' असें होतें. वहिनींनीं ती उघडली नाहीं, आमच्याकडे आणली. पत्रिका ही चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपानें येते. तो कागद असतो, वाचावा आणि ठेवावा. एपीके हा कागद नव्हे. तें अँड्रॉइड फोनांत ठाण मांडून राहणारें ॲप असतें. तें घरांत घेतलें व तें मागेल ती परवानगी दिली, तर तें आपले निरोप वाचूं शकतें, म्हणजे ओटीपीहि वाचूं शकतें. अक्षता द्यावयास आलेला मनुष्य 'मला जरा आंतल्या खोलींत बिऱ्हाड करूं द्या' म्हणूं लागला तर आपण काय करूं? तेंच येथें करावें.

'डिजिटल अरेस्ट' हा शब्द वहींत लाल शाईनें आहे, कारण आमच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ ह्या शब्दाला भिऊन दोन दिवस फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसून राहिले. शेजारच्या खोलींत मुलगा असतांना त्यास त्यांनीं हाक मारली नाहीं. असली अटक भारताच्या कायद्यांत नाहीं. २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं 'मन की बात' ह्या कार्यक्रमांत पंतप्रधानांनींहि हें स्पष्ट सांगितलें. पैसे गेलेच तर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावें. जितकें लौकर, तितका ते पुढें जाण्याआधीं अडविले जाण्याचा संभव अधिक. वहिनींनीं दोन महिने लपविलें ते दिवस आम्हांस अजून बोंचतात.

आतांपर्यंतचे शब्द चोरांचे. 'क्लाऊड' हा शब्द चोराचा नाहीं, आणि तरीहि त्यानें आमच्या घराचें जें नेलें तें कोणत्याहि चोरानें नेलें नाहीं. आमच्या पुतणीचा फोन छायाचित्रांनीं भरून गेला. 'सगळं क्लाऊडमध्यें आहे' असें म्हणून तिनें फोनवरील जुनीं छायाचित्रें पुसलीं. तींत आमच्या धाकट्या बंधूंची, म्हणजे तिच्या वडिलांची, शेवटची दिवाळी होती. तीं क्लाऊडमधूनहि गेलीं. केरपेटींत जितके दिवस तीं राखून ठेवतात तितके दिवस उलटल्यावर हें कळलें.

येथें दोष कोणाचा म्हणावा? शब्दच तसा आहे. मेघ म्हटलें कीं आमच्या पिढीस कालिदास आठवतो; कांहींतरी उंचावर, निर्मळ, नष्ट न होणारें असें वाटतें. प्रत्यक्षांत तो मेघ म्हणजे दुसऱ्याचा संगणक. नव्या मुंबईंत ऐरोली, राबाळे, महापे ह्या बाजूस असल्या संगणकांचीं प्रचंड आगारें उभीं आहेत. आंत यंत्रांच्या ओळी अहोरात्र चालत असतात, आणि त्या तापूं नयेत म्हणून वारा वा पाणी सतत खेळवावें लागतें. परदेशांशीं त्यांचें बोलणें चालतें तें आकाशांतून नव्हे. समुद्राच्या तळावरील केबलींतून, ज्यांपैकीं कित्येक मुंबईस वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येऊन लागतात. तेव्हां मेघ आहे तो पाण्याखालीं आणि ऐरोलीस! तेथें आपणांस एक कोनाडा भाड्यानें मिळालेला असतो, एवढेंच.

परंतु खरी मेख त्या शब्दांत नाहीं. ती 'सिंक' ह्या चिमुकल्या शब्दांत आहे. सिंक म्हणजे आरसा. आपण येथें कुंकू लावलें कीं तेथें लागतें, येथें पुसलें कीं तेथेंहि पुसलें जातें. 'बॅकअप' ही निराळी वस्तु, ती नक्कल. वहिनी म्हणाल्या, "एक बरणी फडताळांत, दुसरी माळ्यावर. फडताळांतल्या लोणच्याला बुरशी आली म्हणून माळ्यावरच्याला येत नाहीं." पुतणी त्या वेळीं पानावर होती. ती न बोलतां उठून गेली. त्या रात्रीं वहींत कांहींच लिहिलें गेलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं नातवानें एक छोटी डबीएवढी हार्ड डिस्क आणली, आणि घरांतील उरलेलीं सर्व छायाचित्रें तींत उतरवून ती वहिनींच्या कपाटांत, दागिन्यांच्या डब्याशेजारीं ठेवली.

अलीकडे अर्थातच सर्वांच्या तोंडीं 'एआय' आहे. जॉन मॅकार्थी प्रभृति अमेरिकन विद्वानांनीं १९५५ सालीं एका परिषदेचा प्रस्ताव लिहितांना 'कृत्रिम बुद्धि' ह्या अर्थाचें हें नांव योजिलें. पण तें घरोघरीं गेलें तें २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी आल्यानंतर. हें यंत्र अफाट वाचन करून कोणत्या शब्दापुढें कोणता शब्द येणें संभवनीय, हें शिकलेलें असतें. संथा तोंडपाठ असलेल्या विद्यार्थ्यासारखें तें आहे असें आम्ही प्रथम म्हणालों. पण ती उपमा अपुरी पडली. हा विद्यार्थी संथेच्या पुढें जाऊन नवा श्लोक रचतो, आणि तो कोणत्या ग्रंथांतला असें विचारतां ग्रंथाचें नांवहि त्याच दमांत रचून सांगतो. वहिनींनीं त्यास एका एकादशीची तारीख विचारली. त्यानें ती मोठ्या नम्रपणें चुकीची सांगितली. वहींत नोंद आहे: 'कामाला चांगला. तिथि मात्र पंचांगांतच पाहणें.'

थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून हुबेहूब माणसाचा आवाज काढणारीं यंत्रेंहि आतां निघालीं आहेत. आवाजावरून माणूस ओळखणें हा आपल्या घरांतील सर्वांत जुना विश्वास. तोहि आतां पुरा पडेनासा झाला. ह्यावर आमच्या घरानें परवलीचा एक शब्द ठरविला आहे. फोनवरून पैसे मागणाऱ्यानें, मग तो पोटचा मुलगा असो, तो शब्द सांगितला पाहिजे. मागच्या पावसाळ्यांत दुसऱ्या पुतण्याचें पाकीट व फोन पुणें स्टेशनावर चोरीस गेले. त्यानें कोणा परक्याच्या फोनवरून वहिनींस फोन केला आणि पांचशें रुपये मागितले. पण शब्द त्यास आठवेना. वहिनींनीं फोन ठेवून दिला. बिचारा भिजत चालत घरीं आला, आणि आठ दिवस मोठ्या काकूंशीं धड बोलला नाहीं. वहिनींनीं त्यास गरम पाणी काढून दिलें, आल्याचा चहा दिला. पण माफी मागितली नाहीं.

गेल्या महिन्यांत बँकेच्या कामासाठीं फोन हातीं घेतला असतांना त्या मध्येंच थांबल्या व म्हणाल्या, "भाऊजी, हा पासकी तयार करा म्हणतोय. पासकी म्हणजे काय?" आम्हीं सांगितलें, मला ठाऊक नाहीं, रात्रीं बाळाला दोघे मिळून विचारूं. त्यांनीं फोन खालीं ठेवला. बाळास ह्या खेपेस तीन रात्री लागल्या. पासवर्डाची एक प्रत आपल्या डोक्यांत व एक खूण बँकेकडे, म्हणून तो कोणी फसवून काढूं शकतो. पासकींत गुप्त भाग आपल्या फोनांतच राहतो, बोटाच्या ठशानें वा चेहऱ्यानें तो कामास लागतो, आणि समोरच्याकडे त्याचा फक्त जोडीदार असतो, ज्यावरून मूळ काढतां येत नाहीं, असें तो सांगत होता. वहिनींनीं आमटी वाढतां वाढतां सर्व ऐकून घेतलें. मग हात पुसून त्यांनीं वही खिळ्यावरून काढली आणि लिहिलें: 'पासकी. कुलूप बँकेच्या दाराला. जुडगा आपल्या कमरेला.'